आत कुणी राहिलं का?

दिवा राहू दे. तुला झोप आली असेल तर तू पड, मी हळू आवाजात बोलत राहीन. दार हवं तर लोटून घे, फक्त कडी लावू नकोस. का ते सांगतेच आहे. इतकी वर्षं मी जे उपचार केले तेच तू आता शिकते आहेस, तेव्हा हे कधीतरी तुझ्या कानावर घालायला हवंच होतं. आणि आज घरी जायचा मला धीर होत नाही, हेही खरं.

मंत्रचळाचा पेशंट होता. साठीचा माणूस, अंगाने दणकट, बोलायला गरीब. बियाण्याचे बटाटे ठेवतात तशा एका शीतगृहाचा तो राखणदार. आवारातच दोन खोल्यांचं घर, घरात तो आणि त्याची बायको. मी त्यांना काका-काकू म्हणायचे, ते मला बाई म्हणायचे. शीतगृहाचं मोठं दार बंद करायचं, बाहेरून कुलूप घालायचं, एवढंच काकांचं मुख्य काम. आणि नेमकं तेच त्यांना जमेनासं झालं होतं. दार बंद केलं की मनात येई, आत कुणी राहिलं का? मग कुलूप काढा, दार उघडा, बॅटरी घेऊन गोण्यांच्या रांगांमधून हाका मारत फिरा, पुन्हा बंद करा. दोन पावलं गेली की पुन्हा तेच. आत एक घंटा होती. चुकून कुणी अडकलंच तर त्याने आतून बटण दाबायचं आणि बाहेर घंटा वाजायची. ती घंटा काकांना वेळी-अवेळी ऐकू येई.

पुढे ते घरातही शिरलं. कपाट बंद केलं की उघडून बघायचं. ट्रंक, मोरी, पिठाचा डबासुद्धा. “फ्रीज उघडून दुधाच्या पातेल्याला विचारतात हो, कोण आहे म्हणून!” काकू म्हणाल्या, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला. मालकाने काकांना शेवटचं सांगितलं होतं की हंगाम संपेपर्यंत सुधारा, नाहीतर घर रिकामं करा.

मी रीतसर सगळं विचारून घेतलं होतं. तिथे कधी कुणी अडकलं होतं का, कुणाच्या जिवाला काही झालं होतं का? कधीच नाही. मालकाला विचारलं, जुन्या हमालांना विचारलं. एक मांजर एकदा राहिली होती, तीही सकाळी शेपटी वर करून बाहेर आली. असल्या आजाराला कारण लागतंच असं नाही, हे मी तुलाही शिकवलंय.

मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी भीतीची धार बोथट झाली, झोप लागू लागली, पण दार उघडून बघणं सुटेना. मग ते माझ्याकडे आले. भीतीला सामोरं जायचं, पण भीती म्हणते ते करायचं नाही. दार एकदा लावलं की लावलं. आत कुणी असेल असं वाटलं तर वाटू द्यायचं, घंटा ऐकू आली तर येऊ द्यायची. भीतीला शंभरातला आकडा द्यायचा, तो मोठ्याने म्हणायचा, आणि तो उतरेपर्यंत दारासमोर स्टुलावर बसून राहायचं. तो उतरतोच.

आणि घरच्यांसाठी एकच नियम, खात्री द्यायची नाही. “आत कुणी नाही हो” असं एकदा म्हटलं की पेशंटला बरं वाटतं आणि पुढच्या खेपेला त्याला ते दोनदा ऐकावं लागतं. खाज आहे ती, खाजवली की वाढते. काकांनी विचारलं, “बाई, आत कुणी राहिलं नसेल ना?” की मी म्हणायचे, “राहिलं असेलही.” ते बिचारे पांढरे पडायचे. काकूंनाही मी हेच उत्तर शिकवलं. त्या माझ्याहून पक्क्या निघाल्या.

मी जरा खाष्टच होते त्या बाबतीत. काकांचा अभ्यास घ्यायला म्हणून मी मुद्दाम खोड्या काढायचे. मोरीचं दार लावायचं आणि बाहेर चपलांचा एक जोड ठेवायचा. चपला बाहेर आहेत म्हणजे आत कुणीतरी आहे, पण दार वाजवून बघायचं नाही. पहिल्यांदा काका घामाघूम झाले. पाचव्या-सहाव्या खेपेला हसायला लागले. “बाईंचा चपलांचा डाव,” म्हणायचे. मला केवढा अभिमान वाटला होता!

शेवटची पायरी म्हणजे शीतगृहाचं ते मोठं दार. एकट्याने बंद करायचं, मागे वळून आत बघायचं नाही, कुलूप घालायचं आणि बसायचं. त्यात एक गोची होती. मी शेजारी उभी असले की काकांना ते बंद करता येई, कारण बाई आहेत म्हणजे सगळं ठीक असणार. म्हणजे मीच त्यांची खात्री होऊन बसले होते. म्हणून मी त्यांना सांगून टाकलं, “शेवटच्या दिवशी मी कधीतरी न सांगता निघून जाईन. बाई गेल्या का, कुठे गेल्या, हे विचारायचं नाही. शोधायचं नाही.”

“बरं,” काका म्हणाले. “आणि तुम्हीच आत राहिलात तर?”

“राहिले असेनही,” मी म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो.

त्या दिवशी मी दुपारच्या आधीच पोचले. लवकर उरकून घरी परतायचं होतं. आई एकटी होती. तिच्या कमरेचं हाड मोडलेलं, काठी धरून घरातल्या घरात जेमतेम फिरायची. संध्याकाळचं इंजेक्शन मीच द्यायचं असे, आणि माझ्याशिवाय तिला दुसरं कुणी नव्हतं. काकूंच्या स्वयंपाकघरात पर्स ठेवली, फोन पर्समध्येच राहिला. काकांबरोबर शीतगृहापर्यंत गेले. दार अर्धवट उघडं होतं. आतून ती ओल्या मातीची, गोणपाटाची, थंड लोखंडाची हवा येत होती. काका कुलूप आणायला आणि आतला दिवा बंद करायला ऑफिसात गेले. दिव्याचं बटण तिकडे होतं.

मी दाराशी उभी होते. आणि आत कुणीतरी घसा खाकरला.

हळूच. एखादा माणूस बराच वेळ बोलला नसेल आणि आता बोलायच्या विचारात असेल, तसा.

मला वाटलं हमाल असेल. बियाण्याला रोग लागू नये म्हणून आत बाहेरच्या चपला चालत नसत. त्या सवयीने मी चपला दाराशी काढल्या आणि अनवाणीच आत गेले. काकांना हाक मारता आली असती. पण ज्या माणसाला “बघायचं नाही” हे शिकवायला महिने घालवले, त्यालाच म्हणू, की काका, आत कुणीतरी आहे, जरा बघा? ते येण्याआधी आपणच एक नजर टाकू, हमालाला हाकलू, आणि बाहेर येऊ. इतकंच मनात होतं. दोन रांगा ओलांडल्या. कुणी नव्हतं. गोण्या छतापर्यंत रचलेल्या, मधल्या वाटेत माझाच श्वास धुरासारखा दिसत होता.

दिवा गेला.

मग पावलं. मग दार सरकल्याचा तो जड आवाज, रबर दाबून बसल्याचा उसासा, आणि कुलपाची खट्ट.

आता तू म्हणशील, त्याच क्षणी ओरडली का नाहीस? नाही ओरडले. काकांनी आत न बघता, न विचारता, एका दमात दार बंद केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. मी तिथे जीव मुठीत धरून उभी, आणि मला कसला आनंद झाला असेल तर त्याचा. आता ओरडले तर सगळं केलेलं पाण्यात. त्यांचा आकडा उतरू दे, ते घरी जाऊ देत, मग आपण आतली दांडी ढकलून गुपचूप निघू. बाहेर कुलूप असलं तरी आतून उघडणारी ती दांडी असते, काकांनीच मला दाखवली होती. असली चूक आपल्याच धंद्यातली माणसं करू जाणे.

दाराच्या तळाशी एके ठिकाणी रबर फाटलं होतं. तिथून बोटभर उजेडाची रेघ आत येत होती, आणि आवाजही. काकांनी स्टूल ओढलं ते ऐकू आलं. मग त्यांचा मोठ्याने म्हटलेला आकडा, “पंचाण्णव.”

लादीचा गारठा तळव्यांतून वर चढत होता. पाय बदलत उभी राहिले. जरा वेळाने मी दांडी चाचपली आणि ढकलली. ती हलली नाही. खांदा लावला. दोन्ही हातांनी लोंबकळले. थंडीने आखडली होती की काय कोण जाणे, भिंतीत चिणल्यासारखी घट्ट होती.

तेव्हा मी घंटेचं बटण दाबलं.

घंटा वाजली. बाहेर, अगदी खणखणीत. मी दाबतच राहिले. रेघेपलीकडे काकांचे पाय दिसत होते, ते हलले नाहीत.

“घंटा वाजतेय,” काका स्वतःशीच म्हणाले. आवाज कापत होता. “वाजू दे. नव्याण्णव.”

मी लादीवर पालथी पडले आणि फटीला तोंड लावलं. “काका! मी आहे, बाई! मी खरंच आत आहे, कुलूप काढा!”

“आज आवाज बाईंचाच काढलाय,” काका म्हणाले.

“काका, दांडी अडकलीय! खेळ नाही हा. थंडीने मरेन मी!”

“असेलही,” ते म्हणाले. ते रडत होते. “असेलही, नसेलही.”

तेवढ्यात काकूंची पावलं आली, कपबशीचा आवाज आला. मला हायसं वाटलं. काकूंना कुठे मंत्रचळ होता? मी सगळा जीव एकवटून त्यांना हाक मारली. दार मुठींनी बडवलं.

काकू थबकल्या. “अगं बाई,” त्या म्हणाल्या. “या चपला बाईंच्या.”

“जाता जाता डाव टाकून गेल्यात,” काका म्हणाले. “तुला येतंय का गं ऐकू?”

काकूंनी कपबशी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, “मला रोजच येतं.”

“काय?”

“इतकी वर्षं येतंय. तुम्हाला सांगितलं नाही. तुमचं वाढेल म्हणून... कुणी नाही हो, कुणी नाही हो, म्हणत राहिले. तुमचं बघून मलाही लागलं असणार. बाई म्हणाल्यात ना, घरच्यांनाही लागतं. चला, चहा घ्या. आकडा किती?”

“ऐंशी.”

मी काय काय ओरडले ते आता आठवत नाही. आईचं नाव घेतलं, इंजेक्शनचं सांगितलं, काकूंच्या पर्सच्या आतल्या खणात माझा फोन आहे म्हणाले. काकूंची पर्स कुठली, माझी! शब्दांची भेळ झाली होती नुसती. आणि मी जसजशी ओरडत होते तसतसा बाहेरचा आकडा उतरत होता. सत्तर. पन्नास. मी शिकवलं होतं तसाच, हळूहळू, आपोआप. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे? तीस म्हणाले तेव्हा काकांचा आवाज शांत झाला होता. काकू म्हणाल्या, “शाबास. चला आता, जरा पडा.” चार पावलं रेघेवरून गेली आणि रेघ नुसती उजेडाची राहिली.

मी तशीच पालथी पडून होते. दात वाजत होते. आणि माझ्या अगदी जवळ, डाव्या बाजूला, माझ्यासारखंच कुणीतरी फटीला तोंड लावून पडलेलं होतं.

स्पर्श नव्हता. पण शेजारी माणूस आडवा असला की कळतं ना? त्याच्या बाजूची हवा जरा वेगळी असते. इथे ती जास्त गार होती.

“गेले?” त्याने विचारलं. की तिने. इतका वापर नसलेला आवाज होता तो, कळत नव्हतं.

मी फटीपासून तोंड बाजूला घेतलं.

“पूर्वी उघडायचे,” तो आवाज म्हणाला. “दिवसातून कितीदा. हाक मारायचे. बॅटरी दाखवायचे... तेवढाच उजेड.”

मी हातांवर रेटत मागे सरकू लागले.

“मग तुम्ही आलात,” आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. “तुम्हीच सांगितलंत ना त्यांना... उघडू नका म्हणून?”

मी सरपटत, आपटत, गोण्यांच्या पहिल्या रांगेमागे गेले. तिथे रिकामी पोती होती, ती अंगावर ओढून घेतली. देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही. मला सुचलं ते एवढंच की हा भ्रम आहे, थंडीने मेंदू असे खेळ करतो, आकडा म्हण, तो उतरेल. मी आकडा म्हटला. पलीकडून दाराजवळून तोच आकडा कुणीतरी माझ्या मागोमाग म्हटला. पुन्हा म्हटला, जरा नीट, माझ्या स्वरात. मी गप्प झाले. तिकडे सराव चालूच राहिला. आधी आकडे. मग “काका”. मग “मी आहे, बाई”. मग, फार हळू, “आई”.

मी कानांवर हात ठेवले. बोटं कानांना लागली तरी ती माझी आहेत हे कळत नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. कुलपाचा आवाज आला तेव्हा मला तो स्वप्नातला वाटला. काकू झोपल्यावर काका चोरून आले होते. इतक्या महिन्यांचं शिकवणं झुगारून, भीतीने म्हणा, सवयीने म्हणा, त्यांनी दार उघडलं. त्या माणसाच्या आजाराला मी त्या क्षणी हात जोडले. उजेडाचा एक पट्टा आत पडला, गोण्यांच्या कडांवरून माझ्या पोत्यांपर्यंत आला. मी उठायला गेले. पाय माझे नव्हतेच. तोंड उघडलं, ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

फुटला तो दारातून.

“शाबास, काका,” माझा आवाज म्हणाला.

“अगं आई गं!” काका ओरडले. “बाई, तुम्ही? खरंच होतात आत? देवा रे, बाई, मी काय करून बसलो... या, बाहेर या, हात द्या. केवढ्या गार पडलात!”

“काही नाही झालं. बघितलंत ना? आता समाधान झालं ना?”

“झालं हो, झालं.”

“मग बंद करा. आणि आता पुन्हा उघडायचं नाही.”

त्या पट्ट्यात मला पाठमोरी एक बाई दिसली. माझी साडी, माझी वेणी. तिने पायाने अंदाज घेत एकेक चप्पल घातली. मग उजेड बारीक होत गेला, आणि रबराने उसासा सोडला.

मला संध्याकाळी बाहेर काढलं. बियाण्याचा ट्रक यायचा होता, त्याचे हमाल आत आले आणि पोत्यांत माझ्यावर अडखळले. काका धावत आले. मला बघून त्यांचा चेहरा असा झाला की मी तो विसरू म्हणते तर विसरत नाही. “बाई, तुम्ही परत कधी आलात? दुपारी मीच तर तुम्हाला काढलं. माझ्यादेखत फाटकातून गेलात.” काकूंनी मला शेगडीशी बसवलं, पाय चोळले. माझी पर्स तिथे नव्हती. “तुम्हीच नेलीत की,” काकू म्हणाल्या. त्या माझ्या नजरेला नजर देत नव्हत्या. “चहा घेतलात. घेतलात कुठला, कप नुसता दोन्ही हातांत धरून बसलात, गार होईपर्यंत. मग म्हणालात, घरी आई एकटी आहे.”

मी काकूंच्या चपला पायात अडकवल्या आणि निघाले. रिक्षात बसून मी आईचा जप केला, दुसरं काही नाही. जिन्यावर धापा टाकत चढले. आमचं दार सताड उघडं होतं.

आई पलंगावर बसली होती, चांगली खुशीत. घरातलं सगळं उघडं होतं. कपाटं, खण, ट्रंक, फ्रीज, डब्यांची झाकणं, खिडक्या. आईची औषधाची पेटीसुद्धा उघडी, आणि इंजेक्शन देऊन झालेलं.

“कुठे गेली होतीस पुन्हा?” आई म्हणाली. “की आतून आलीस? मला कळलं नाही बाई.”

“आई, दुपारी कोण आलं होतं?”

“कोण म्हणजे? तू. किती दिवसांनी अशी निवांत बसलीस माझ्यापाशी. माझे पाय चेपलेस. नाहीतर तुझी एरवीची घाई... म्हणालीस, आई, दार वाजलं की लगेच उघडत जा. थांबलेल्या माणसाला फार लांब वाटतं गं.”

“मग... मग मी कुठे गेले?”

“झोपायला गेलीस ना आत. थंडी वाजतेय म्हणालीस. दार मी लावून घेतलं, काठी टेकत जाऊन. तुला उजेडाचा त्रास नको म्हणून.”

घरात तेवढं एकच दार बंद होतं, माझ्या खोलीचं. बाहेरची कडी घातलेली.

मी त्या दारापाशी गेले. कान लावला नाही. इतकं मात्र कळलं की दाराखालून गार हवा येतेय, गोणपाटाच्या वासाची. माझा हात कडीपर्यंत गेला होता. उघडायला हवं, हे माझ्याइतकं कुणाला कळत होतं? मी तिथे आत पडून आले होते. त्या आवाजात राग नव्हता, हेही मी ऐकलं होतं. आणि तरी मी हात मागे घेतला. दोघींपैकी एकीलाच बाहेर राहता येतं, असं मला का वाटलं ते विचारू नकोस. मला वाटलं, आणि मी घाबरले, आणि मी उघडलं नाही. कुलूप आणून घातलं.

काका पूर्ण बरे झाले. गोळ्याही कमी करत आणल्या. दार लावतात आणि शीळ घालत घरी जातात. काकूंनाही आता काही ऐकू येत नाही म्हणे. मोठे डॉक्टर नव्या मुलांना शिकवताना त्यांचीच केस सांगतात. उपचार चांगलाच आहे, त्याला मी कधी नाव ठेवणार नाही. मी मात्र पेशंटला दार बंद करायला सांगू शकत नाही, म्हणून मी ती कामं सोडली.

घरी मी बाहेरच्या खोलीत झोपते. आईला सांगितलंय की खोलीला ओल आलीय. मग कुलूप कशाला, हे तिने विचारलं नाही. हल्ली ती दुपारी त्या दारापाशी खुर्ची टाकून बसते. मी कामाला गेल्यावर शेजारणीला बोलण्याचा आवाज येतो. आधी एकीचा येत असे, आता दोघींचा येतो म्हणते. “तुम्ही हल्ली दुपारी घरीच असता वाटतं? बरं झालं, आई किती खुलल्यात!” असं परवा तिने मला जिन्यात गाठून म्हटलं.

मी अलीकडे उशिरा जाते घरी. पण आज डोकं दुखत होतं म्हणून दुपारीच गेले. दार लोटलेलं होतं, मी ढकलून आत गेले. आई खुर्चीत बसून हसत होती, माझ्या लहानपणी हसायची तशी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हातात चहाचा कप होता. दुसरा कप जमिनीवर, दाराला टेकवून ठेवलेला. कुलूप जसंच्या तसं होतं, मी आधी तेच बघितलं.

“आई,” मी म्हणाले.

तिचं हसू थांबलं. तिने ओठांवर बोट ठेवलं, बंद दाराकडे एकदा बघितलं, आणि मग माझ्याकडे, पायांपासून डोक्यापर्यंत. परक्या माणसाकडे बघावं तसं, पण सभ्यपणे.

“कोण पाहिजे आपल्याला?” तिने विचारलं. “माझी मुलगी घरी आहे. बोलावू का तिला?”